घारापुरीला पहिल्यांदा जाताय? पहिली बोट पकडा

मुंबईत पाहुणे आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, ‘चला, एलिफंटा करून येऊ.’ एलिफंटा म्हणजे घारापुरी बेटावरची लेणी. मग सगळे सावकाश उठतात, आंघोळी-नाश्ता उरकतात, साडेअकरा-बाराला गेटवेला पोचतात, रांगेत उभे राहतात. बेटावर पाय ठेवेपर्यंत दीड-दोन वाजलेले असतात. भर दुपारी पायऱ्या चढायच्या, लेण्यात घामेजलेल्या गर्दीतून त्रिमूर्तीसमोर फोटो काढायचा आणि शेवटची बोट चुकेल म्हणून धावत खाली उतरायचं. घरी आल्यावर म्हणायचं, ‘ठीक आहे, काही विशेष नाही.’ हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. देशातल्या शिल्पकलेतलं एक अत्यंत मोठं काम आपल्या दारापासून तासाभराच्या पाण्यावर आहे आणि ते नीट न पाहताच माणसं परत येतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझंही असंच झालं होतं. पुढच्या वेळी सकाळी नऊची बोट पकडली आणि वेगळंच बेट दिसलं. त्यानंतर आत्याला, भाच्यांना, पुण्या-नाशिकच्या मित्रांना घेऊन गेलो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी जे सांगतो ते इथे लिहितो आहे. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण पहिली बोट पकडा.

दिवस कोणता?

सोमवारी लेणी बंद असतात. हे शंभरदा सांगूनही दर सोमवारी गेटवेवर कुणीतरी हिरमुसून उभं असलेलं दिसतं. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या टाळता आल्या तर उत्तम. मंगळवार ते शुक्रवारातला कुठलाही दिवस धरा. महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, समुद्र शांत, सकाळी वाऱ्याला थोडा गारवा. मार्चनंतर पायऱ्या चढताना जीव नकोसा होतो.

पावसाळ्यात बेट हिरवंगार असतं आणि मोह होतो, पण तेव्हा बोटी हवामान पाहूनच सोडतात. बंदरात धोक्याचा बावटा लागला की बेत रद्द समजायचा आणि वाद घालायचा नाही. नवख्या माणसाने पहिली खेप पावसाळ्यात करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

महाशिवरात्रीला उरण भागातून मोठ्या संख्येने भाविक बेटावर येतात. त्या दिवशी लेणं जत्रेसारखं फुललेलं असतं. श्रद्धेने जायचं असेल तर जरूर जा, शिल्पं निवांत पाहायची असतील तर दुसरा दिवस निवडा.

कालनिर्णय उघडा, तिथी पाहा

ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, पण गुडघे दुखणारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर ती फार उपयोगी पडते. मुंबई बंदरात भरती-ओहोटीमधला फरक मोठा आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, तो चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. भरतीला बोट धक्क्याच्या बरोबरीला येते आणि सरळ पाऊल टाकून चढता येतं. ओहोटीला तीच बोट खाली गेलेली असते. मग शेवाळलेल्या पायऱ्या उतरायच्या, हलत्या बोटीच्या कडेवर पाय ठेवायचा आणि खलाशाचा हात धरून आत जायचं.

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ घड्याळाआधी तिथीवरून सांगतात: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचं वेळापत्रक पाहा.

याचा उपयोग असा. चतुर्थीला भरती दुपारी तीनला, म्हणजे सकाळी नऊला नेमकी पूर्ण ओहोटी. चढताना त्रास, येताना मजेत. पौर्णिमेला भरती बाराला आणि ओहोटी संध्याकाळी सहाला, म्हणजे तुम्ही पाचच्या बोटीपर्यंत रेंगाळलात तर उतरताना पाणी बरंच खाली गेलेलं असणार. त्या दिवशी आत्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन दुपारी दोन-अडीचलाच परत फिरावं.

गेटवेपर्यंत

लोकलने सीएसएमटी किंवा चर्चगेट गाठा. तिथून टॅक्सी, बस किंवा अर्धा तास चालणं. सकाळी आठच्या सुमारास फोर्टातून चालत जाणं हा सुखाचा भाग आहे, रस्ते रिकामे असतात. मेट्रोने येणाऱ्यांना हुतात्मा चौक स्थानक सोयीचं. मोठ्या बॅगा घेऊन गेटवेला येऊ नका. बाहेरगावहून थेट येत असाल तर त्या सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं, ते आधीच घेऊन ठेवा.

गेटवेच्या आवारात शिरताना तपासणी होते, त्याची दहा मिनिटं धरा. साडेआठला आत असलात की बरं. आत शिरलात की ‘एलिफंटा, एलिफंटा’ म्हणत माणसं जवळ येतील. तिकीट खिडकीवरूनच घ्या. दर खिडकीपाशी लावलेले असतात. जाण्या-येण्याचं मिळून एकच तिकीट मिळतं आणि परतताना तेच दाखवावं लागतं, म्हणून ते पाकिटात नीट ठेवा. भाच्याने एकदा त्याची होडी करून पाण्यात सोडली होती. वरच्या डेकवर बसायचे थोडे जादा पैसे बोटीत गेल्यावर घेतात, त्यासाठी सुटे जवळ असू द्या.

उरणकडच्यांनी मुंबईला वळसा घालायची गरज नाही. मोरा बंदरातूनही घारापुरीला बोट मिळते, मात्र तिची वेळ आदल्या दिवशी बंदरावरच विचारून ठेवा.

बोटीत बसल्यावर

आधी लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचा जीव गेला. तेव्हापासून जॅकेटबद्दलची सक्ती कडक झाली. तुम्ही मात्र सक्तीची वाट पाहू नका. बसल्याबरोबर अंगात घाला, पट्टे आवळून बांधा, मुलांना त्यांच्या मापाचं मागून घ्या. गळ्यात नुसतं अडकवलेलं जॅकेट पाण्यात वर निघून जातं. उकडतं, खारट वास येतो, सगळं मान्य. तासाभराचा प्रश्न आहे. आणि बोट खचाखच भरलेली दिसली तर उतरा, पुढची घ्या.

कुठे बसायचं? जाताना डावीकडे. बोट साधारण पूर्वेला जाते आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे डाव्या बाजूला सावली मिळते, शिवाय पाहण्यासारखं बरंचसं त्याच अंगाला आहे. येताना याच हिशेबाने उजवीकडे बसा. बोट लागणाऱ्यांनी खालच्या डेकवर मधोमध बसावं, मागे डिझेलचा धूर येतो. रिकाम्या पोटी येऊ नका आणि वडापाव हाणूनही येऊ नका. आलेपाकाची वडी तोंडात धरली की बराच आराम पडतो. सकाळचा समुद्र दुपारपेक्षा शांत असतो, हे पहिल्या बोटीचं आणखी एक कारण.

इंजिन सुरू झालं की मागे पाहा. गेटवे आणि ताज पाण्यावरून जसे दिसतात तसे जमिनीवरून कधीच दिसत नाहीत. ही कमान १९२४ मध्ये खुली झाली ती समुद्रातून येणाऱ्याचं स्वागत करायला, तिचं तोंड पाण्याकडेच आहे. आपण तिला सगळा जन्म पाठीकडून बघतो. मग डावीकडे नौदलाच्या राखाडी बोटी लागतात. त्यांचे फोटो काढायचे नाहीत, डोळ्यांनी पाहा. पुढे जवाहर द्वीप, जुनं नाव बुचर आयलंड. तिथे तेलाची जहाजं लागलेली असतात, आपल्याला उतरायला बंदी. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेकडे अटल सेतूची लांबलचक रेघ दिसते आणि समोर न्हावा-शेवाच्या क्रेन. त्यांच्या अलीकडे दोन टेकड्या आणि मध्ये खोलगट भाग असलेलं जे हिरवं बेट हळूहळू मोठं होत जातं, ते घारापुरी.

हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीच्या मागे लागतात. हातभर अंतरावर पंख स्थिर ठेवून तरंगतात, त्यांचा डोळा, लालसर चोच, सगळं स्पष्ट दिसतं. लोक त्यांना गाठ्या, फरसाण टाकतात. कृपा करून टाकू नका. हजारो मैलांवरून आलेला पक्षी आहे, त्याचं खाणं मासे, तळलेलं बेसन नव्हे. न टाकताही तो जवळ येतो, मी दर वेळी पाहिलं आहे.

धक्क्यावरून लेण्यापर्यंत

बेटाचा धक्का लांबलचक आहे. त्यावरून छोटी झुकझुक गाडी धावते, मुलांसाठी ती हवीच. मोठ्यांनी चालावं. ओहोटी असेल तर दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला असतो. थांबून खाली पाहा. चिखलावर एका चिमट्याने जणू हाक मारणारे खेकडे दिसतील आणि चिखलाच्या त्याच रंगाचे, उड्या मारत जाणारे निवटे. शहरातल्या मुलांना मी इथे दहा मिनिटं मुद्दाम थांबवतो.

पुढे ग्रामपंचायतीचा छोटा कर भरायचा आणि पायऱ्या सुरू. साधारण एकशे वीस. दोन्ही बाजूंना दुकानं, वर निळी ताडपत्री, म्हणून ऊन फारसं लागत नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी डोली मिळते. आत्या आधी ‘माणसांच्या खांद्यावर कशी बसू’ म्हणून तयार नव्हती. डोलीवाल्यांनीच तिला सांगितलं, ‘आजी, हा आमचा धंदाय, बसा तुम्ही.’ भाडं आधी ठरवा, जाऊन-येऊन किती ते नीट विचारा आणि घासाघीस करू नका.

खरेदी उतरताना करा. चढताना थांबलात तर पहिल्या बोटीने मिळवलेली शांतता इथेच संपते.

माकडं. पाण्याची बाटली, शीतपेय, खाऊची पिशवी हातात दिसली की ती हिसकावणारच. सगळं पाठीवरच्या बॅगेत, चेन बंद. आणि माकडाने घेतलंच तर सोडून द्या, ओढाताण करू नका.

वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट: भारतीयांना खिडकीवर ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं आणि रांग वाचते. रोख पैसे तरीही जवळ ठेवा.

लेण्यात घाई नको

उत्तरेच्या दारातून आत शिरलात की लगेच समोरच्या त्रिमूर्तीकडे चालू लागू नका. बाहेरच्या उजेडातून आल्यावर पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही. नुसत्या काळ्या भिंती. एखाद्या खांबाला पाठ न टेकता (शिल्पांना आणि खांबांना हात लावायचा नाही) बाजूला उभे राहा. हळूहळू अंधारातून एक ओठ दिसतो, मग गाल, मग मिटलेले डोळे. हे पाहायला माझ्यासोबत आलेला एकही माणूस नंतर गप्पा मारत बाहेर पडलेला नाही.

हे लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं, बहुधा कलचुरी राजांच्या काळातलं. बांधलेलं नव्हे, खोदलेलं. खांब, छत, मूर्ती, सगळं एकाच कातळातलं. १९८७ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. कोणी कोरवून घेतलं याचा लेख आता इथे नाही. इथला एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला आणि तो पुढे हरवला, असं त्यांच्याच बखरकाराने लिहून ठेवलं आहे. बहुतेक मूर्तींचे पाय, हात तुटलेले दिसतील, विशेषतः खालचा भाग. मुलं विचारतात, तेव्हा खरं ते सांगा.

पाहण्याचा माझा क्रम असा. दाराशीच उजवीकडे नटराज, डावीकडे योगेश्वर. एक नाचणारा, दुसरा निश्चल बसलेला. दोघे एकमेकांसमोर का, हे मनात ठेवून पुढे चला. उजव्या हाताला, पश्चिमेच्या अंगाला, चार दारांचं शिवलिंगाचं गर्भगृह आहे. प्रत्येक दाराशी दोन-दोन द्वारपाल, माणसाच्या दुप्पट-अडीचपट उंच.

त्याच्या जवळच कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीचं लग्न. संपूर्ण लेण्यात मला हा फलक सगळ्यांत जवळचा वाटतो. पार्वतीची मान किंचित खाली झुकलेली आहे आणि मागून वडील तिला हळूच पुढे करताहेत. खाली ब्रह्मदेव होमापाशी भटजी होऊन बसलेत. पाण्याचा कुंभ घेऊन चंद्र आला आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने आपल्याच एखाद्या मांडवातलं लग्न पाहून हे कोरलं असावं, इतकं ते ओळखीचं आहे. आत्या तिथे बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, ‘बापाचा हात बघ.’ आता पाठ फिरवा. समोरच्याच फलकावर तोच शिव अंधकासुराचा वध करतो आहे, भुवया ताणलेल्या, दात दिसणारे. नवरदेव आणि संहारक समोरासमोर.

मग दक्षिणेच्या भिंतीपाशी या. मधोमध ती मूर्ती, साधारण साडेपाच मीटर उंच आणि तीही फक्त छातीपर्यंत. आपण हिला त्रिमूर्ती म्हणतो आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजतो. अभ्यासक हिला सदाशिव म्हणतात, एकाच शिवाची रूपं. तुमच्या डावीकडचा चेहरा उग्र आहे, मिशी, हातात साप. उजवीकडचा कोवळा, स्त्रीरूपाच्या जवळ जाणारा, हाती कमळ. मधला ध्यानात. आधी डावीकडून, मग उजवीकडून आणि शेवटी समोर उभे राहून पाहा. सकाळी पूर्वेच्या चौकातून आत येणारा उजेड अंगावर घेत ही मूर्ती बदलत राहते. तिच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. गंगाधराच्या वर पाहायला विसरू नका, तिथे तीन तोंडांची गंगा उतरते आहे.

फ्लॅश मारू नका. वाटाड्या घ्यायचा असेल तर पैसे आधी ठरवा. बेटावरच्या माणसाला घेतलंत तर गावाच्याही गोष्टी ऐकायला मिळतात. एवढं पाहायला दीड तास तरी हवा. साडेअकराच्या सुमारास मोठ्या बोटींची गर्दी वर येऊ लागते, तोवर तुमचं पाहून झालेलं असतं.

मग पुढे

बहुतेक लोक इथूनच परततात. अंगात जोर असेल तर पश्चिमेच्या टेकडीवर तोफांपर्यंत चढा. दोन भल्यामोठ्या तोफा आहेत आणि वरून सगळं बंदर एका नजरेत येतं. शेजारची अर्धवट राहिलेली लेणीही चालत पाहता येतात. पूर्वेच्या टेकडीकडे सीताबाईचं देऊळ म्हणतात ते लेणं आहे आणि माथ्यावर जुन्या स्तूपाचे अवशेष. तिकडे एकट्याने, अंदाजाने जाऊ नका, स्थानिक माणूस सोबत घ्या.

जेवण खाली, पायऱ्यांच्या आसपास. घरगुती खाणावळीत तांदळाची भाकरी आणि बोंबील किंवा सुरमई मिळाली तर हॉटेलच्या मेनूकार्डाकडे पाहायचंही कारण नाही. चढण्यापूर्वीच सांगून ठेवलं तर जेवण ताजं आणि वेळेवर मिळतं.

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना इथे कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या केबलमधून. त्याआधी जनरेटरवर संध्याकाळचे काही तास. दुकानात बसलेल्या मावशींना विचारलंत तर त्या दिवसाची आठवण त्या सांगतात. पाणीही इथे जपून वापरायची गोष्ट आहे. रिकाम्या बाटल्या, वेष्टनं सगळं परत मुंबईला घेऊन या, इथला कचरा उचलायला घंटागाडी नाही.

परतताना

शेवटच्या बोटीच्या भरवशावर कधीच राहू नका. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तिची वेळ विचारून ठेवा आणि तिच्या आधीची किमान एक बोट आपली समजा. पहिल्या बोटीने आलेल्यांना दोन-तीनची बोट सहज मिळते. बोटीत स्वच्छतागृह असेलच असं नाही, तेव्हा ते बेटावरच उरकून घ्या.

हातात वेळ उरला तर गेटवेवरून टॅक्सी करून भायखळ्याच्या राणीच्या बागेपाशी जा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते राजबंदरजवळच्या एका दगडी हत्तीवरून आणि तो हत्ती आता बेटावर नाही. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून पुढे जोडले गेले. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. जवळ गेलात की अंगावरचे सांधे दिसतात. संग्रहालय बुधवारी बंद असतं, तेव्हा घारापुरीचा बेत मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवारी आखा, म्हणजे दोन्ही एकाच दिवसात होईल.